जोडीदार गेला तरी धम्मकार्य राहते

(कामठा, जि. गोंदिया व परिसरातील उपासक-उपासिकांसाठी धम्मप्रवचन)



आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरचा आहे. चाळीस-पन्नास वर्षे ज्याच्या सोबतीने संसार केला, सुखदुःखाची भाकर ज्याच्यासोबत वाटून खाल्ली, तो जोडीदार एके दिवशी निघून जातो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात, मुले-सुना कामाला लागतात. मागे उरते एक म्हातारे माणूस. त्याने पुढे काय करावे? ओसरीच्या कोपऱ्यात बसून आपली पाळी येण्याची वाट पाहावी, की चार माणसांत राहून जगावे? या प्रश्नाला आपला धम्म काय उत्तर देतो, याचा आज आपण विचार करू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुःख होणे हा दोष नाही. दुःख आहे, हे तर तथागतांनी सांगितलेले पहिलेच आर्यसत्य आहे. तेव्हा नवरा गेलेल्या बाईला कोणी ‘रडू नको, तू बौद्ध आहेस’ असे सांगत असेल, तर त्याला धम्म समजला नाही. रडू द्यावे. मात्र तथागत पहिल्या सत्यावर थांबले नाहीत. त्यांनी मार्गही सांगितला, आणि तो मार्ग चालण्याचा आहे.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेले लेकरू छातीशी धरून ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला मूठभर मोहरी आणायला सांगितली; पण ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशाच घरची. या कथेतून मरण सर्वांना आहे हा बोध आपण घेतो आणि तो बरोबरच आहे. पण आणखी एक गोष्ट पाहा. तथागत तिला एका जागी बसवून अनित्यतेचा उपदेश करू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तिला दारोदारी पाठविले. प्रत्येक दारात तिला एक माणूस भेटला आणि प्रत्येक माणसाने आपल्या घरचे मरण तिला सांगितले. सायंकाळी ती परतली तेव्हा तिच्या दुःखाला सारे गाव भागीदार झाले होते. मोहरी मिळाली नाही, पण माणसे मिळाली. दुःखी माणसाला घराबाहेर काढून माणसांत नेणे हीच तथागतांची चिकित्सा होती.

आता महाप्रजापती गोतमीकडे पाहा. महामायेच्या निधनानंतर तिनेच सिद्धार्थाला वाढविले. पुढे राजा शुद्धोदन वारला. गोतमीचे वय झाले होते, पती गेला होता, मुलगा नंद आणि नातू राहुल भिक्खू संघात गेले होते. राजवाड्यात बसून तिचे उरलेले दिवस आरामात गेले असते. परंतु तिने संघात प्रवेश मागितला. प्रथम नकार मिळाला. तेव्हा केस कापून, चीवर अंगावर घेऊन, शाक्य स्त्रियांसह ती कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजले होते, अंग धुळीने माखले होते. आनंदाने तिची बाजू मांडली आणि भिक्खुणी संघाचा दरवाजा उघडला. हा प्रसंग परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून दिला आहे. विचार करा, जगातल्या स्त्रियांना धम्माचे दार कोणामुळे खुले झाले? एका वृद्ध, पती गमावलेल्या बाईमुळे!

कोणी म्हणेल, ही अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तर मग आपल्या महाराष्ट्रातील सावित्रीबाईंकडे पाहा. बाबासाहेबांनी ज्यांना आपले गुरू मानले त्या महात्मा जोतीराव फुल्यांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. अंत्यविधीच्या वेळी दत्तकपुत्र यशवंताच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उभा केला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, त्यांनी टिटवे हाती धरले आणि अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. नवरा गेलेल्या बाईने तोंड लपवावे असा तो काळ. त्या काळात ५९ वर्षांची ही माता सर्वांच्या पुढे चालली. नंतर सत्यशोधक समाजाचे काम तिने अंगावर घेतले. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोगी आणून तेथे पोचवीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. जोतीराव गेल्यानंतरची ही सव्वासहा वर्षे! त्यांनी ती कोपऱ्यात बसून काढली असती, तर आपण त्यांना दोष दिला नसता. पण त्या दवाखान्यातल्या रोग्यांना आई मिळाली नसती.

स्वतः बाबासाहेबांचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. बाबासाहेब अंतर्बाह्य हादरून गेले. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला, इतकी ती आठवण खोल होती. परंतु रमाईंच्या निधनानंतर पाच महिने व्हायच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, ते येवल्याच्या व्यासपीठावर उभे होते आणि हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा करीत होते. शोक मनात होता आणि कार्य हातात होते. दोन्ही एकाच माणसाजवळ राहू शकतात.

आता आपण आपल्या घरात डोकावू. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. सर्व माणसे समान आहेत अशीही प्रतिज्ञा केली. मग नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या आजही का फुटतात? नातीच्या मंगल परिणयात वधूवरांवर फुले टाकायला आजी पुढे येते, तेव्हा कुणीतरी तिला हळूच मागे का ओढते? पती गेलेली स्त्री अशुभ ही कल्पना कोणत्या सुत्तात आहे? कोठेही नाही. ती जुन्या धर्माची ठेव आहे. आपण घरातले देव्हारे काढले, पण ही ठेव माळ्यावर तशीच राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. ज्या गावांनी धम्मदीक्षा घेतलेली नाही ती जर हे करतात, तर दीक्षा घेतलेल्या घराने ठरावाची वाट कशासाठी पाहावी? पुढच्या मंगल परिणयात पहिले फूल त्या आजीच्या हातून पडू द्या.

पुरुषांची अवस्था वेगळी आहे, पण बरी नाही. म्हाताऱ्याला कोणी अशुभ म्हणत नाही, मान मिळतो. मात्र आयुष्यभर शेजार-नाते बायकोने सांभाळलेले असते. ती गेली की हा एकाएकी परका होतो. सुनेला चहा मागायचीही त्याला चोरी वाटते. इंग्लंडात १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची नोंद ठेवली होती. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणून ते पहिले सहा महिने घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी फार जपले पाहिजेत. मुलांनी सांभाळ करावा म्हणून २००७ सालचा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याने चरितार्थाचा पैसा मिळेल. सोबत मात्र माणसांनीच द्यावी लागते.

मग आपल्या कामठ्यासारख्या धानाच्या गावी वृद्धांनी काय करावे? तथागतांनी समाज जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानता. त्या चारही वृद्धांना सहज साधण्यासारख्या आहेत.

दान पैशाचेच असते असे नाही. आपल्याजवळ आठवणींचे धन आहे. १९५१ साली जमीनदारी संपली. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढविली; तेव्हा आपला मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना पुस्तक विकत मिळेल. पाहिलेल्या माणसाच्या तोंडची हकीकत मिळणार नाही. ती मुलांना जवळ बसवून सांगा. तुमच्यासोबत ती गेली तर परत येणार नाही.

प्रियवचन म्हणजे गोड बोलणे एवढेच नव्हे. ज्या घरी नुकतेच मरण झाले त्या घरी दहा दिवसांनी, महिन्याने जाऊन बसा. तिथे तरुण माणसाला शब्द सुचत नाहीत. तुम्ही त्या वाटेने गेलेले आहात. तुम्ही नुसते शेजारी बसलात तरी पुरेल.

अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणे. कुणा निराधार बाईला संजय गांधी योजनेचा अर्ज करायचा असतो, कुणाला श्रावणबाळ योजनेसाठी तहसिलीत जायचे असते. एकटी बाई बिचकते. सोबत गेलात तर तिचेही काम होते आणि तुमचाही दिवस सार्थकी लागतो.

आणि समानता म्हणजे सर्वांसोबत एका सतरंजीवर बसणे. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत सकाळीच सारे घर बांधीवर जाते आणि म्हातारे माणूस दिवसभर एकटे राहते. नेमके तेच दिवस वर्षावासाचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन चालते. दुपारी विहार उघडणे, झाडणे, ज्याला वाचता येते त्याने वाचणे, ज्याला येत नाही त्याने ऐकणे, ही जबाबदारी गावातील वृद्धांनी घ्यावी. सायंकाळी तरुण मंडळी चिखलाचे पाय धुऊन येतील, तेव्हा त्यांना विहारात दिवा लागलेला दिसेल.

यात घरच्यांनी एक पथ्य पाळावे. ‘आता बुढीले कायले तरास देता’ असे म्हणून तिची काठी लपवू नका. ती माया नव्हे, कैद होय. विहारापर्यंत तिचा हात धरून न्या, दर आठवड्याला न्या. पहिल्यांदा ती नाही म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. तरी विचारणे सोडू नका.

आणि वृद्ध माता-पित्यांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे. जोडीदाराची आठवण ठेवा, तसबिरीला फूल वाहा, डोळे भरून आले तर येऊ द्या. पण त्यानंतर चपला पायांत घाला आणि शेजारच्या दारापर्यंत जा. तथागतांनी किसा गोतमीला तेच सांगितले होते.

भवतु सब्ब मंगलं! साधु, साधु, साधु!