दयेचे स्थान

यज्ञरक्षणासाठी विश्वामित्रांच्या मागोमाग निघालेला राम त्राटिकेसमोर धनुष्य सज्ज करूनही अडखळला. स्त्रीत्वाने रक्षिलेल्या या जीवाचा प्राण घेण्यास आपले मन धजत नाही, असे त्याने लक्ष्मणापाशी बोलून दाखविल्याचे वाल्मीकींच्या बालकांडात आहे. हा संकोच थोरच. परंतु तो दंडाविषयीचा होता, अपराधाविषयीचा नव्हता. त्राटिकेने केले ते पाप की नाही, असा प्रश्न रामाला पडला नाही.

आपल्या दंडविधानाने मात्र हा संकोच अपराधाच्या व्याख्येतच नेऊन बसविला आहे. 1860 च्या दंडसंहितेत बलात्कार करणारा तो पुरुषच. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही तोच. सामूहिक बलात्काराचा आरोपसुद्धा स्त्रीवर ठेवता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिला. हा भेद निष्कारण नाही. ज्या महाराष्ट्रात 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यातून दोघेही पोलीस 1978 साली निर्दोष सुटले, तेथे कायद्याचे पारडे स्त्रीच्या बाजूने झुकले म्हणून तक्रार करणे निष्ठुरपणाचे होईल.

परंतु पीडित जेव्हा बालक असते, तेव्हा या झुकत्या पारड्याखाली कोण चिरडले जाते? 2012 च्या पॉक्सो कायद्याने हे ओळखले. त्यातील अपराधी ‘व्यक्ती’ आहे आणि बालक मुलगा वा मुलगी कोणीही आहे. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या बालकांपैकी 52.94 टक्के मुलगे होते. तथापि कायद्याचा शब्द बदलला तरी मनाचा शिरस्ता सहजी बदलत नाही. 2025 साली मुंबईतील एका शिक्षिकेवर अल्पवयीन विद्यार्थ्यावरील अत्याचाराची फिर्याद झाली आणि पुढे तिला जामीन मिळाला. जामीन म्हणजे निर्दोषता नव्हे, आणि तो पुरुषालाही मिळतो. त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात अशा मुलाची जबानी घेतली जाताना काय घडत असेल, त्याचा विचार मला छळतो. बालकाची जबानी होता होईतो स्त्री-अंमलदाराने, गणवेश न घालता घ्यावी, असे पॉक्सोचे कलम 24 सांगते, कारण स्त्रीपाशी बालक निर्भय होते हे त्यात गृहीत आहे. आणि ज्याचा विश्वास स्त्रीनेच लुबाडला, तो मुलगा त्या अंमलदाराच्या मायाळू प्रश्नासमोर मान खाली घालून सतरंजीची दशी ओढीत राहतो. दाराबाहेर कोणी पुटपुटते, ‘मुलगाच ना? मग बिघडलं काय?’

अजामीनपात्र गुन्ह्यात जामिनाची सवलत देताना कायदा स्त्रीला बालक व रोगजर्जर यांच्या पंगतीस बसवितो. ही दया मला समजते; पण स्त्रीला पापास असमर्थ मानणे हा तिचा गौरव नव्हे, कारण जो पापाचा कर्ता होऊ शकत नाही तो पुण्याचाही कर्ता ठरत नाही. आरोपी स्त्रीच्या कडेवरचे तान्हे मूल, तिच्यावर पूर्वी झालेला जुलूम, तिची निराधार स्थिती, हे सारे न्यायाधीशाने शिक्षेचे माप ठरविताना जरूर पाहावे, आणि पुरुषाच्या बाबतीतही पाहावे. दयेचे स्थान तेथे आहे. पण दिंडोशीच्या सत्र न्यायालयात अशा मुकदम्याचा हुकूम वाचला जाईल, तेव्हा आपल्यावर झाला तो अपराधच होता, एवढे त्या मुलाला निःसंदिग्ध ऐकू आले पाहिजे.