मिथ्येपासून निपजणारे सत्य

अर्धांगवायूच्या झटक्याने ज्याचा उजवा हात लुळा पडला आहे, त्याच्या डोळ्यांवर एक यंत्र चढवावे, त्या यंत्रात एक बाग उभी करावी, आणि जी फळे कोणत्याही मातीत कधी उगवली नाहीत ती तोडण्यासाठी त्याला हात पुढे करावयास सांगावे, असा आभासी वास्तवाचा उपचार आता फिजिओथेरपीच्या जोडीने होऊ लागला आहे. त्याचा तपशील वैद्य जाणोत. मला अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. जे नाही ते दाखवून जे आहे ते सुधारता येते काय, आणि येत असल्यास तसे करणे सत्याला धरून होते काय?

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी अशाच जातीचा आक्षेप विचारात घेतला आहे. दोरीवर भासलेला साप चावून कोणी मरत नाही, मृगजळाने कोणाची तहान भागत नाही. मग मिथ्या साधनापासून सत्य फळ कसे मिळावे? आचार्यांचे उत्तर असे की विषबाधेच्या नुसत्या शंकेनेही माणूस दगावतो. आणि स्वप्नातला सर्पदंश जागेपणी खोटा ठरला, तरी स्वप्नात त्याची जाणीव झाली होती, ही गोष्ट खोटी ठरत नाही. तसेच यंत्रातल्या बागेतले फळ बाधित होते, म्हणजे खोटे ठरते. फळाकडे हात नेण्याचा प्रयत्न बाधित होत नाही. मेंदूची जी वाट झटक्याने उद्ध्वस्त झाली, तिच्या आजूबाजूने नवी वाट पडते ती या प्रयत्नाच्या पुनरावृत्तीने, आणि तो प्रयत्न अस्सल असतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात, हात कापला गेल्यावरही त्या नसलेल्या हाताची मूठ आवळल्याच्या वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णांपुढे साधा आरसा उभा केला, तेव्हा धड हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी उघडताना पाहून काहींची ती मूठ सुटली. प्रतिबिंब मिथ्या, उपशम सत्य.

शिवाय येथे फसवणूक नाही. दोरीला साप समजणारा अज्ञानापोटी भितो. हा रुग्ण मात्र आभासाला आभास म्हणून ओळखून, स्वतःच्या इच्छेने त्यात प्रवेश करतो. ही ओळख त्याला आधी करून देणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, आणि ज्याची बुद्धी झटक्याने झाकोळली आहे त्याच्या बाबतीत ते अधिकच कठोरपणे पाळले पाहिजे.

तथापि फळाचे श्रेय आभासाला देणे हाही एक भ्रमच होय. टोरँटोच्या गुस्तावो सापोस्निक यांनी १४१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील काहींना पडद्यावरचे हातवाऱ्यांचे खेळ दिले होते आणि काहींना पत्त्यांसारखे साधे खेळ, आणि हाताच्या सुधारणेत दोहोंमध्ये लक्षणीय अंतर आढळले नाही. पुढच्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने ७२ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा हाताच्या बाबतीत नेहमीच्या उपचाराऐवजी आभासी वास्तव योजल्याने अधिक लाभ दिसला नाही. नेहमीच्या उपचारात त्याची भर घालून एकूण सरावाचा वेळ वाढविला, तेथे मात्र लाभ आढळला.

म्हणजे फळ देतो तो अभ्यास. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, अखंडता आणि आदर या तिन्ही गोष्टी आवश्यक मानल्या. तोच पेला शेकडो वेळा उचलावयाचा, आणि शेकडो वेळा तो हातून निसटावयाचा, या कंटाळ्यात आदरच प्रथम संपतो. तो काही काळ जागता ठेवणे एवढीच या यंत्राची सेवा, आणि ती मला लहान वाटत नाही. परंतु खांदा कोणत्या कोनात धरावा, रुग्ण दुखण्याने थांबला की भीतीने, हे ओळखणारी नजर आणि त्याला सावरणारा हात हे फिजिओथेरपिस्टचेच. म्हणून रुग्णालयांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे: हे यंत्र अवश्य घ्यावे, पण त्याच्या खर्चापायी फिजिओथेरपिस्टच्या वेळेतली एक घटकाही कमी करू नये.