आधी कूस बदलली होती का?

आम्ही नर्सिंगला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या एका रोग्याच्या पाठीला जखम झाली. आम्ही ती निगुतीने धुऊन मलमपट्टी केली आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिलो. मोठ्या सिस्टरनी पट्टी पाहिली आणि एवढेच विचारले, "पट्टी चांगली आहे, पण आधी वेळेवर कूस बदलली होतीस का?" आम्ही मान खाली घातली.

कतारमधील रास लफानविषयी वाचताना हा प्रश्न पुन्हा आठवला. दोहाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर हे उद्योगनगर उभे राहिले आणि १९९६ साली तेथून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले. पण हॉक्सबिल कासवांच्या माद्या त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर वाळू उकरून अंडी घालीत आल्या आहेत.

तेलाचे प्रदूषण म्हटले की डोळ्यांपुढे काळा तवंग येतो. तो या आखाताने पुष्कळ पाहिला. १९८३ साली इराण-इराक युद्धात नौरुझ क्षेत्रातले तेल सांडले आणि कासवे व डुगाँग, म्हणजे समुद्री गाई, मेल्या. १९९१ साली कुवेतजवळ त्याहून मोठा अनर्थ झाला. पण रोजची इजा मुकी असते. कारखाने थंड ठेवायला समुद्राचे पाणी घेतात, नळांत शिंपले वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरीन घालतात आणि ते कोमट पाणी परत समुद्रात सोडतात. रात्रीचे दिवे पाहून कासवांची पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे धावतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कासवांच्या अभ्यासाला तिथल्या तेल उद्योगाने पैसा दिला. अल शाहीन तेलक्षेत्रात, प्लॅटफॉर्मच्या आसपास, व्हेल शार्क मोठ्या संख्येने जमतात, हे शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. जो हात मळवतो तोच धुतो, हे पुरेसे नाही का?

आम्हाला वाटते, नाही. धुणे ही मलमपट्टी झाली. रास लफानपासून जवळच फुवैरितचा किनारा विणीच्या हंगामात लोकांना बंद ठेवतात. ही खरी कूस बदलणे. तिथे कोणीतरी आपली सोय आधी सोडली. एखाद्याची कळकळ खरी की दिखाऊ हे पाहायचे असेल, तर त्याने किती खर्च केला हे विचारू नये. त्याने काय थांबवले, हे विचारावे.

थांबणे आपल्याला परके नाही. कोकणात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत. त्यांचाही धंदा तेलाचाच होता. शब्बाथला घाणा बंद, बैल मोकळा. ते माशांसाठी थांबत नव्हते, हे खरे. पण धंद्याला मर्यादा घातली म्हणून चूल विझत नाही, एवढे त्यांनी दाखवून दिले.

आणि बोट फक्त कतारकडे नको. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या इस्राएलच्या किनाऱ्यावर डांबर आले, तेव्हा मिखमोरेतच्या केंद्रात कासवांच्या पोटातले डांबर निघावे म्हणून त्यांना मेयोनीज भरवले. त्या शुश्रूषेला आमचा नमस्कार. पण मोटार आपणही चालवतो, दिवे आपणही लावतो. वाचकहो, मोठ्या सिस्टरचा प्रश्न आपल्यालाही आहे.