एका चार्जिंगला किती जाते?

आज सायकल बाहेर काढू नका. भिंतीला टेकलेली आहे तशीच राहू द्या, चार्जरची पिन काढून ठेवा आणि तिच्याशेजारी ओट्यावर बसा. पाठ ताठच हवी असं काही नाही. जालना जिल्ह्यातल्या हसनाबादेत हा प्रश्न तुम्हाला पानटपरीवर विचारतात, आठवडी बाजारात विचारतात, पंक्चरवाला हवा भरता भरता विचारतो: एका चार्जिंगला किती जाते? मग आपण कंपनीचा आकडा सांगतो, किंवा आपलाच अनुभव थोडा फुगवून सांगतो. आज आकडा सांगू नका. चार्जिंग जातं कुठं, तेवढंच पाहू. घाई नाही.

आधी बॅटरी काढून हातात घ्या. दोन-अडीच किलोंचा डबा. आत अंगठ्याहून थोड्या लांब नळकांड्यांच्या ओळी आहेत. वर लिहिलेलं वाचा. समजा, 36 व्होल्ट आणि 10.4 अँपिअर-तास असं आहे. दोन्हींचा गुणाकार करा, साधारण 374 वॅट-तास येतात. हीच ऊर्जा अन्नाच्या मापात मोजली तर 320 किलोकॅलरीच्या आसपास भरते, म्हणजे शंभरेक ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढी. दोन भाकऱ्या. ज्या डब्यासाठी एवढे पैसे मोजले, ज्याच्या चार्जिंगच्या काड्या उतरताना छातीत धस्स होतं, त्या डब्यात दोन भाकऱ्यांएवढी ताकद आहे. यावर थोडं थांबा. हसू आलं तर हसा.

आता तो डबा मांडीवर ठेवून दुसरा हात पोटावर ठेवा. श्वास आत जाऊ द्या, बाहेर येऊ द्या, हात वर-खाली होतोय तो जाणवू द्या. शरीरावरच्या एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. मांडीवरच्या डब्याच्या हिशेबात त्या चोवीस बॅटऱ्या होतात. शरीर यातलं सगळं पायडलपर्यंत पोचवत नाही. तीन चतुर्थांश उष्णता होऊन घामातून जातं. तरीही सहा-सात बॅटऱ्यांचं काम उरतं. एका किलोत. कमरेभोवती असे किती किलो जास्तीचे आहेत ते तुमचं तुम्हाला माहीत. मोठ्यानं सांगायची गरज नाही.

इथं मन लगेच एक हिशेब मांडतं: वजन उतरलं की सायकल लांब जाईल. हा हिशेब हळूच तपासून पाहा. तुम्ही ऐंशी किलोंचे, सायकल पंचवीस किलोंची. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरनं जाताना ढोबळमानानं निम्मा जोर टायर आणि रस्त्याच्या घासण्यात जातो, उरलेला निम्मा हवा बाजूला सारण्यात. वजनाचा संबंध पहिल्या निम्म्याशी, हवेला तुमचं वजन कळत नाही. म्हणून दहा किलो उतरवले, महिनोन् महिने भात सोडला, गोड सोडलं, तरी सपाटीवर शंभरात पाचाहून कमीच वाचतात. चाळीस किलोमीटर जाणारी सायकल बेचाळीसलाही पोचत नाही. चढावर चित्र बदलतं. अजिंठ्याहून फर्दापूरकडे उतरणारा घाट परत चढायचा असेल, तर तेच दहा किलो शंभरातले नऊ-दहा वाचवतात. पण हसनाबादच्या माणसाला रोज कुठला घाट चढायचा असतो? त्यापेक्षा पाठीवरच्या पिशवीतली विनाकारण फिरणारी हत्यारं आणि जाडजूड साखळी-कुलूप घरी ठेवा, तेवढं आजच होतं.

मग वजन उतरवायचं कशासाठी? हा प्रश्न उत्तर न देता क्षणभर धरून ठेवा, आणि वेगाकडे वळा.

डोळे मिटायचे तर आता मिटा. राजूरचा रस्ता समोर आणा. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्येच मोसंबीची बाग, काळी जमीन. तुम्ही ताशी 25 किलोमीटरनं चालला आहात. त्यापुढे मोटर साथ सोडते; कायद्यानं नोंदणी आणि लायसन नको असेल तर 250 वॅट आणि 25 किलोमीटर हीच हद्द आहे. कानाशी वारा वाजतोय. हा आवाज म्हणजे चार्जिंग जाण्याचा आवाज आहे. या वेगात चाकावर साधारण 190 वॅट लागतात. थोडं सैल सोडा, 20 वर या. आता 120 लागतात. आणखी सोडा, 15 वर या. कानातला आवाज विरला असेल. आता 70 पुरतात. आणि 70 वॅट म्हणजे धडधाकट माणसाचे पाय एकटे, मोटरशिवाय, तासभर सहज देतील एवढी ताकद. वेग दहानं उतरला आणि मागणी एक तृतीयांशाच्या जवळ आली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पायाला ते इथं कळतं.

घाई कोणाला होती? राजूरला पोचायला वीस मिनिटं जास्त लागली असती, इतकंच. अंगारकीला राजूरच्या गणपतीला माणसं पायी जातात, आणि त्यांना एका चार्जिंगला किती जाता असं कोणी विचारत नाही.

आता मघाचा वजनाचा प्रश्न परत घ्या. मोटरचा असिस्ट एक नंबरवर ठेवून 70 वॅट पायांनी दिले, तर तासाला अडीचशे किलोकॅलरीच्या आसपास जातात. एक किलो चरबी उतरायला तीसेक तास, म्हणजे पंधराच्या वेगानंही साडेचारशे किलोमीटर. अर्थात राजूरला पोचून भज्यांच्या दोन प्लेटा घेतल्या नाहीत तर! वजन उतरल्यामुळे रेंज वाढते ती थोडी. ज्या पायडल मारण्यानं वजन उतरतं, त्यानंच रेंज दुप्पट होते, आणि ती पहिल्या दिवसापासून होते. काटा हलायची वाट पाहावी लागत नाही. ज्यांनी सायकल घेतल्यापासून फक्त थ्रॉटल पिळला, त्यांची बॅटरीही लवकर संपते आणि पोटही जागेवर राहतं. त्यांना दोष देत नाही. शेतात दिवसभर वाकलेल्या माणसानं संध्याकाळी थ्रॉटल पिळला, तर तो त्याचा हक्क आहे.

श्वास पुन्हा संथ झाला का पाहा. आता ब्रेककडे चला, डाव्या तर्जनीकडे. समोर शेळ्या आल्या, तुम्ही दाबला. वीसच्या वेगातून पूर्ण थांबलात की सुमारे अर्धा वॅट-तास ब्रेकच्या पॅडमध्ये तापून जातो. अशा बहुतेक सायकलींत तो बॅटरीत परत येत नाही. असं वीस वेळा झालं की दीडेक किलोमीटरचं चार्जिंग गेलं. गतिरोधक लांबून दिसतो, बैलगाडीही लांबून दिसते. आधीच पाय थांबवला, मोटर सोडली, सायकलला आपल्या चालीनं मंद होऊ दिलं, तर त्या बोटाला कामच उरत नाही.

चढ आला की गिअर हलका करा, चढ लागण्यापूर्वी. जड गिअरवर पाय अडखळले की सगळा भार मोटरवर पडतो. हळू फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि त्यातला बराचसा तापण्यातच घालवते. टायरात हवा दाबून भरा. जाड खाचांचे टायर मऊ असले की डांबरावर सायकल ओढल्यासारखी चालते. कच्च्या वाटेला लागताना थोडी सोडा, बस. पावसात मात्र काळ्या मातीच्या वाटेला जाऊच नका. मडगार्डमध्ये आणि चेनमध्ये तो गारा असा बसतो, की दहा किलो उतरवलेला माणूस अर्ध्या तासात ते सायकलवर परत चढवून आणतो.

मांडीवरचा डबा आता थंड लागतोय का? उन्हाळ्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून चढतो. लिथियमची बॅटरी उन्हानं म्हातारी होते, त्यात पूर्ण भरून ठेवली तर लवकर होते. फेरीवरून आल्या आल्या पिन लावू नका. घरात आणा, पाणी प्या, तिलाही निवू द्या. महिनाभर वापरायची नसेल तर निम्मी भरलेली ठेवा.

बॅटरी परत जागेवर बसवा, चावी फिरवा, काड्या पाहा. चढावर त्या भराभर उतरलेल्या दिसतात, सपाटीवर एखादी परत येते. जोर पडला की व्होल्टेज दबतं म्हणून. घाबरायचं नाही. वाचायचं ते थांबून, सपाटीवर, पाय जमिनीला लावून. उद्या जिथं पहिली काडी खरोखर उतरेल, तो फाटा किंवा ते झाड लक्षात ठेवा. आणि निम्म्याहून थोडं जास्त उरलेलं असतानाच मागे फिरा. आषाढात फुलंब्रीच्या बाजूला गेलात तर मात्र थोडं उशिरा फिरलं तरी चालेल, येताना पश्चिमेचा वारा पाठीला असतो.