जखमी मनाची श्रद्धा



सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आजही सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतून मुले फौजेत जातात. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही : इतके मरण पाहिलेल्या माणसाने देवावर विश्वास कसा ठेवावा?

त्याच युद्धात ब्रिटिश सैन्यात दोन तरुण अधिकारी होते. पुढे दोघेही अद्भुत कथांचे लेखक म्हणून जगप्रसिद्ध झाले. पहिले टॉल्किन, आपल्यासारखेच कॅथलिक. शाळेपासूनच्या त्यांच्या तीन जिवलग मित्रांपैकी दोघे १९१६ साली युद्धात गेले. त्यांतल्या एकाने आधीच त्यांना लिहिले होते, की आपण मेलो तर आपले राहिलेले बोलणे तू बोल. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचताना ते पत्र आठवते. कथेचा नायक फ्रोडो वाटेत खचतो, तेव्हा त्याचा माळी सॅम त्याला पाठीवर घेतो. फ्रोडो घरी परततो, पण त्याची जखम पुरती भरत नाही.

दुसरे सी. एस. लुईस. ते युद्धाआधीच नास्तिक झाले होते. १९१८ साली तोफगोळ्याने जखमी झाले. मात्र युद्धात पडलेल्या मित्राला दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्याच्या आईला, ती १९५१ साली वारली तोवर, त्यांनी सांभाळले. त्यांच्या आयुष्यात श्रद्धेआधी निष्ठा आली. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री टॉल्किन आणि डायसन हे दोन मित्र उशिरापर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. दोघेही त्याच युद्धातून परतलेले. प्राचीन कथांत मरून पुन्हा उठणारा देव तुला भावतो, ते ख्रिस्तात खरोखर घडले, असे त्यांचे सांगणे होते. थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले.

दुःखाने माणूस देवाजवळ येतोच असे नाही. पुष्कळ जण दुरावतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे वण होते, आणि तेच त्याने थोमाला दाखवले. श्रद्धेला जखम लपवावी लागत नाही.

आपल्या धर्मग्रामातही कोणी असे मुके दुःख घेऊन मिस्सेला बसत असेल; कोणी येणेच सोडले असेल. या आठवड्यात आपण त्यांच्या घरी जाऊ या. उपदेश नंतर, आधी शेजारी बसू.

प्रभू आपणांस असे मित्र देवो, आणि आपल्यालाही कोणाचे तरी असे मित्र करो.