घरच्यांचा वाटा

वर्षातून मोजके दिवस एकत्र येणाऱ्या कुटुंबाने त्यांतील एखादा दिवस सहलीला घालवावा काय, असा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून वरचेवर निघतो; आणि बहुधा त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरून गेलेले असते. वडीलधाऱ्यांस ती उधळपट्टी वाटते. तरुणांस त्यात विचारण्यासारखे काही आहे असेच वाटत नाही. पाळकसाहेब बहुतकरून एवढेच सांगून मोकळे होतात की, रविवारची उपासना चुकू नये म्हणजे झाले. आमच्या मते हा प्रश्न इतका हलका नव्हे. मनुष्याचा वेळ कोणाचा, त्याजवर घरच्यांचा हक्क कितपत, आणि पोटाला घातले म्हणजे प्रीतीचे देणे फिटले काय, हे सर्व त्यात गुंतलेले आहे.

प्रथम हे पाहू की, आमच्या लोकांजवळ एकत्र राहण्याचा वेळ आहे तरी किती. बीड, जालना व अहिल्यानगर (ज्यास जुनी माणसे अजून नगरच म्हणतात) ह्या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चून झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. गाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती माणसे फडाजवळ कोपी करून राहतात. अंगावरचे मूल बरोबर जाते. शाळेत जाणारे पुष्कळदा आजीपाशी राहते. आता हिशेब करावा. सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत दहा वर्षे. दर वर्षाचे पाच-सहा महिने धरले, तर त्या दहांपैकी चार-पाच वर्षे ते मूल आईबापांवाचून वाढते. उरलेल्या काळात पेरणी आहे, लग्नसराई आहे, न फिटलेल्या उचलीचा घोर आहे, गावाबाहेरची मजुरी आहे. आणि नाताळ पडतो तो ऐन हंगामात! घरोघर चांदण्या लागतात, देवळात गायने होतात, आणि ज्या लेकराने नवा सदरा घालायचा त्याची आई त्या वेळी उसाच्या मोळ्या बांधीत असते. मुंबई-पुण्यास कामाला असलेल्यांची गोष्ट थोडी बरी. त्यांस नाताळाचे चार दिवस तरी मिळतात. परंतु चार दिवस म्हणजे चारच.

ह्यावर कष्टकरी बाप जे उत्तर देतो ते आम्ही आदराने ऐकतो. तो म्हणतो, "आम्ही राबतो ते कोणासाठी? ह्यांच्यासाठीच ना!" हे खरे आहे. भुकेने ज्यास घराबाहेर काढले त्याजवर दोष ठेवणे हा अन्याय होईल, आणि जे उपदेशक भरल्या पोटी तसा दोष ठेवतात त्यांनी एक हंगाम कोयता धरून पाहावा. तथापि ह्या उत्तरात एक चूक लपलेली आहे. पैशाचे देणे आणि वेळेचे देणे ही एका जातीची नव्हेत. उचल ह्या हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामात फेडता येते. मुकादम ती सोडीत नाही, पण थांबतो. नऊ वर्षांच्या मुलीची राहिलेली बाकी ती बारा वर्षांची झाल्यावर फेडता येत नाही. कारण जिला ती द्यावयाची ती नऊ वर्षांची मुलगी तेव्हा घरात नसते. म्हणून जो वेळ आपणांपासून बळाने घेतला गेला त्याबद्दल नव्हे, तर जो थोडा हाती राहिला त्याचे आपण काय करतो, ह्याबद्दल आपणांस विचारले जाईल असे आम्ही समजतो.

लूकाच्या शुभवर्तमानात एका गरीब घराची हकीकत आहे. योसेफ व मरीया ही गरीबच होती, ह्याविषयी शंका नको. बाळाला मंदिरात नेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांचे जोडपे अर्पिले, आणि नियमशास्त्राप्रमाणे ज्यास कोकरू परवडत नसे त्याचे ते अर्पण होते. असे असूनही ती दोघे दर वर्षी वल्हांडण सणास यरुशलेमास जात असत. नासरेथापासून ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. पायी चालायचे, म्हणजे जाण्यायेण्यात कित्येक दिवस मोडले. सुताराचा रंधा तितके दिवस बंद. मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हाही गेली, आणि परतताना एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत तो दिसला नाही तरी आईबाप घाबरले नाहीत, कारण सोयऱ्याधायऱ्यांत कोठे तरी असेल असे त्यांनी धरले. ह्यावरून ते चालणे कसे होते हे दिसते: आत्या, मावश्या, चुलते, पोरांचे थवे, सर्व एकत्र. नाझरेथकरांच्या त्या वाटचालीस कोणी सहल म्हणणार नाही, ती सणाची यात्रा होती. पण मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात सहलीचे सारे काही होते. अनुवादाच्या पुस्तकात आईबापांस आज्ञा आहे की, देवाच्या गोष्टी मुलांशी घरात बसताना बोलाव्या, तशाच वाटेने चालतानाही. आम्ही प्रचारक मंडळी ह्या आज्ञेचा पहिला भाग सांगतो आणि दुसरा विसरतो. त्याच पुस्तकात असेही आहे की, नव्याने लग्न झालेल्या पुरुषास एक वर्षपर्यंत लढाईस पाठवू नये. त्याने घरी राहून आपल्या बायकोस आनंदित करावे. राज्यावर संकट असतानाही घरच्यांचा वाटा काढून ठेवावा असे ज्या नियमशास्त्रास वाटले, त्याचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी एका दिवसासाठी इतके कचरावे हे नवल आहे.

वाटेवरच्या शिक्षणाचा दाखला आपल्या देशातही आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडत; एक ठिकाण असे नव्हते, शाळा नव्हती, मास्तर नव्हता. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच त्यांस संस्कृत शिकविले. दिवसभर त्या माउलीस घरकामातून उसंत नसे. म्हणून पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, ती निजलेल्या मुलीस लाडीगोडीने उठवी आणि पाठ देई. पुढे १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप दोघेही थोड्याच काळाच्या अंतराने गेले. पंधरा-सोळा वर्षांचा सहवास, त्यातही निवांत वेळ तो पहाटेचाच. तेवढ्या शिदोरीवर ज्या मुलीने पुढे मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तिची आई वेळ पुरत नाही म्हणून रडत बसली नव्हती. ती ख्रिस्ती नव्हती हेही आमच्या बहिणींनी ध्यानात घ्यावे, आणि थोडे लाजावे.

रविवारचे काय, असे कोणी विचारील. हा दिवस आपणांस फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांस आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कित्येक वर्षे अर्ज, सभा व गाऱ्हाणी केली, तेव्हा १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. मजुरास विसावा हवा, आपल्या माणसांकडे पाहावयास वेळ हवा, हे त्यांस कळले होते. आम्ही तर चौथी आज्ञा लहानपणापासून पाठ म्हणतो. उपासना टाळून हिंडावयास जाणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण उपासना आटोपल्यावर भाकरी बांधून नदीकाठच्या आंब्याखाली बसलेल्या कुटुंबाने शब्बाथ मोडला असे ज्या वडिलांस वाटते, त्यांस आम्ही विचारतो की, त्याच दुपारी पारावर बसून दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी उगाळल्याने तो अधिक पाळला जातो काय? प्रभूनेही थकलेल्या शिष्यांस एकांती चला, थोडा विसावा घ्या, असे म्हणून मचव्यात बसविले. लोकांनी त्यांस तेथेही गाठले, हे खरे. प्रभू रागावला नाही, त्यांस शिकविले व जेवू घातले. पण बोलावणे विसाव्याचेच होते.

आता आमच्या प्रचारक बंधूंशी दोन शब्द, कारण ह्या बाबतीत सर्वांत मोठे ऋणको तेच आहेत. मजुराचा वेळ भूक खाते. प्रचारकाचा वेळ देवाच्या नावाने जातो, आणि देवाचे नाव पुढे केले की बायकोला तोंड उघडता येत नाही. सोमवारी या वस्तीवर प्रार्थना, मंगळवारी त्या घरी आजारी, बुधवारी कमिटी, गुरुवारी कोणाचा तरी तंटा. गावच्या मुलांची नावे त्यास ठाऊक, स्वतःचा मुलगा कितवीत आहे हे विचारून सांगावे लागते. प्रभूने परूश्यांस कर्बानाविषयी जो दोष दिला तो आपण वाचतो आणि पुढे जातो. पण तो दोष कशाबद्दल होता? जे आईबापांस द्यावयाचे ते देवास वाहिले असे सांगून त्यांस वंचित ठेवण्याबद्दल. आईबापांविषयी जे खरे ते लेकरांविषयी खरे नाही असे कोणी सिद्ध करून दाखवील तर आम्ही ऐकून घेऊ. पौलाने तीमथ्यास लिहिताना मंडळीच्या अध्यक्षास पहिली कसोटी त्याच्या घराचीच लावली आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ, वर्षातील दोन दिवस, एवढे काढून ठेवणारा प्रचारक मंडळीचे काही चोरीत नाही.

दिवस मिळाला म्हणजे झाले असेही नव्हे. तो नासण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि पहिला घरातच चुलीपाशी घडतो. सहल सर्वांची आणि पहाटे तीनला उठून दशम्या, पिठले, ठेचा करणारी एकटी आई! तेथे पोहोचल्यावर वाढणारी ती, भांडी घासणारी ती, परतल्यावर चूल पेटविणारीही तीच. मार्थेला प्रभूने समजाविले ते आपण नेहमी मार्थेवर टीका म्हणून सांगतो; त्या दिवशी घरातील दुसऱ्या कोणी भांडी उचलली असती तर तिलाही पायाशी बसता आले असते, हे कोणी सांगत नाही. मुलांनी पाणी आणावे, बापाने चटणी वाटावी. हात झडत नाहीत. दुसरे असे की, कित्येक बाप सहा महिन्यांनी मुलास पाहतात आणि पहिल्याच घटकेस गुणांचा कागद मागतात. तो कागद चवथ्या दिवशी पाहिला तरी त्यावरील आकडे पळून जात नाहीत. तिसरा रोग नवा आहे: भाड्याने जीप करावयाची, धाब्यावर जेवावयाचे, दिवसभर मोबाईलवर छायाचित्रे काढून दूरच्यांस धाडावयाची, आणि त्या खर्चाची भर पुन्हा उचलीत. ज्या कर्जापायी घर फुटते तेच कर्ज घर एकत्र आले म्हणून वाढवावे, ह्यास काय म्हणावे?

खर्च खरोखर इतका लागत नाही. एस. टी.च्या गाड्यांत २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे, लहान मुलांस अर्धे पूर्वीपासूनच आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीआजोबांस २०२२ च्या ऑगस्टपासून तिकीटच नाही. नगर तालुक्यातील घराने डोंगरावरील सलाबतखानाची कबर पाहावी, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. पैठणकडच्यांनी नाथसागराचे पाणी पाहावे. शहरात उतरलेच तर नगरचा किल्ला आहे, जेथे १९४२ ते १९४५ पर्यंत जवाहरलाल नेहरू बंदिवान होते; बाप दूर असला की मुलीस काय लिहितो ह्याची पत्रे त्याच मनुष्याने पूर्वी, १९२८ साली, आपल्या दहा वर्षांच्या मुलीस लिहिली होती, हे तेथे उभे राहून मुलांस सांगण्यासारखे आहे. ज्यांस हेही जमत नाही त्यांस आपल्या शिवारातील ओढा पुरे. मुलांस ठिकाणाची फारशी पर्वा नसते. बाप आज कोठे जाणार नाही एवढे त्यांस कळले की त्यांचे चालण्याचे पायही दुखत नाहीत.

राहता राहिले ज्यांचे आईबाप नाताळात फडावर असतात ते. त्यांच्याविषयी आम्हांस एवढेच सुचते की, माणसे येऊ शकत नसतील तर मुलांनी जावे. शाळेस नाताळाची सुट्टी असते. आजीने किंवा मंडळीतील एखाद्या विश्वासू बाईने त्यांस कारखान्याच्या गावी न्यावे, दोन रात्री कोपीत राहू द्यावे. तेथेच गीते गावी, तेथेच गूळभाकरी खावी, तोडणी थांबत नसेल तर सांजेपर्यंत उसाच्या बांधावर बसावे. ज्या मंडळ्यांतून अशी पाच-सात मुले असतील त्यांनी नाताळच्या सजावटीचा खर्च थोडा कमी करून हे भाडे उचलावे. खजिनदार विचारील की, ही रक्कम वहीत कोणत्या सदराखाली मांडावी. सणाच्या खर्चातच मांडावी. चांदणीच्या कागदांखाली एक ओळ मोकळी असते.