मताचे वजन

जुलै २०२२ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत एक तक्ता छापून आला होता. उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचे मूल्य २०८, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. तो तक्ता वाचून आमच्या घरातल्या मुलाने विचारले, ‘‘अब्बा, सिक्कीमचा आमदार काय अर्धामुर्धा आमदार आहे का?’’

प्रश्न रास्त होता. आपण शाळेपासून ऐकत आलो की सर्वांचे मत सारखे. मग हे काय?

या आकड्यांमागचा हिशेब साधा आहे. राज्याची १९७१ च्या जनगणनेतील लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि पुन्हा हजाराने भागायचे. सिक्कीमची तेव्हाची लोकसंख्या सुमारे २ लाख १० हजार, आमदार ३२. महाराष्ट्राची सुमारे ५ कोटी ४ लाख, आमदार २८८. सिक्कीमचा आमदार साडेसहा हजार माणसांच्या वतीने मत देतो, आपला पावणेदोन लाखांच्या. दोघांचे मत सारखे धरले असते तर सिक्कीमचा एक माणूस महाराष्ट्राच्या सुमारे सत्तावीस माणसांना भारी ठरला असता. जुने दुकानदार तराजूची पारडी समान नसली तर हलक्या बाजूला पासंग बांधत. आमदारांच्या मतांतील विषमता हा तसाच पासंग आहे. माणसे समान राहावीत म्हणून ती आहे.

आता अमेरिकेचा तराजू पाहू. तेथे राष्ट्राध्यक्षाची निवड ५३८ निर्वाचक करतात. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधिगृहाच्या जागा आणि त्यावर सिनेटच्या दोन, इतके निर्वाचक मिळतात. या सरसकट दोनमुळेच काटा झुकतो. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, निर्वाचक ३. कॅलिफोर्नियाची साडेतीन कोटींहून बरीच पुढे, ३ कोटी ९५ लाख, निर्वाचक ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार माणसांमागे एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजारांमागे. शिवाय बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळे निर्वाचक मिळतात. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त पडूनही बुश अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी २८ लाखांवर होती आणि अध्यक्ष ट्रम्प झाले.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात, असे नसते तर मोठ्या राज्यांनी लहानांना तुडवले असते. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण या पद्धतीच्या जन्माची दुसरी बाजूही आहे. १७८७ च्या घटनेत गुलामांना मत नव्हते. राज्याची लोकसंख्या मोजताना मात्र प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश धरला जाई. त्यातून दक्षिणेच्या जागा वाढत, निर्वाचकही वाढत. वजन गुलामाचे आणि मत मालकाचे! ‘दुर्बलांचे रक्षण’ म्हणताना दुर्बल नेमके कोण, हे म्हणूनच विचारावे लागते.

हा प्रश्न आम्ही सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देऊ शकत नाही, कारण हा तराजू आमच्याही घरात येऊन गेला आहे. १९०६ मध्ये आगाखान यांच्या नेतृत्वाखाली सिमल्याला गेलेल्या शिष्टमंडळाने संख्येपेक्षा अधिक प्रतिनिधित्व मागितले. १९१६ च्या लखनौ कराराने ते प्रांतवार ठरवून दिले. लोकमान्य टिळकांचाही या कराराला पाठिंबा होता. मुंबई इलाख्यात, ज्यात तेव्हा सिंधही होता, मुसलमान सुमारे एक-पंचमांश. त्यांना एक-तृतीयांश जागा. संयुक्त प्रांतात ते १४ टक्के. जागा ३० टक्के. आमच्या वाडवडिलांना हा विजय वाटला असेल.

पण त्याच करारात बंगालकडे पाहावे. तेथे मुसलमान निम्म्याहून अधिक होते आणि त्यांना ४० टक्के जागा मिळाल्या. लखनौ आणि मुंबईच्या पारड्यात जे वजन पडले, त्याची किंमत बंगालच्या मुसलमानाने मोजली. तो बहुतेक शेतात राबणारा होता. वजन आकाशातून पडत नाही, ते कोणाच्या तरी पारड्यातून उचलावे लागते. आमच्या बाबतीत ते आमच्याच भावाच्या पारड्यातून उचलले गेले. मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, हे ठाऊक असणाऱ्या समाजाने ही गोष्ट विसरू नये.

पुढे संविधान सभेत बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांना विरोध केला, तेव्हा तो अनेकांना आत्मघात वाटला. आम्हाला त्यात धैर्य दिसते. संख्येने थोडे असणाऱ्यांची भीती खोटी नसते, ती आम्ही अनुभवाने जाणतो. पण तिचे उत्तर मूलभूत हक्कांत, स्वतंत्र न्यायालयात, भाषा-धर्म-शिक्षण यांच्या संरक्षणात शोधावे लागते. जड मत मागणारा शेजाऱ्याला हलका करतो, आणि हलका झालेला शेजारी आपला रक्षक होत नाही.

हा निकष आपल्या देशालाही लावला पाहिजे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ चे आकडे गोठवले. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. हेतू चांगला होता. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये. केरळ-तमिळनाडूची ही तक्रार आम्हाला खरी वाटते. तरीही ज्या राज्यांत लोकसंख्या अधिक वाढली, तेथे त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे वजन काट्यावर पुरते उमटलेच नाही आणि त्याने काही गुन्हा केलेला नव्हता. चांगल्या कारभाराचे बक्षीस निधीतून द्यावे, अधिकारांतून द्यावे. दुसऱ्या माणसाच्या मतातून कापून देऊ नये. हे बोलणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची आम्हाला जाणीव आहे.

मुलाला आम्ही एवढेच सांगितले, ‘‘बेटा, आमदार लहान-मोठा नाही. त्याच्या मागे उभी असलेली माणसे मोजली आहेत.’’ त्याने लगेच विचारले, ‘‘सगळी मोजली?’’

या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.